शिडाची गाडी आणि बिनचूक अर्ज

मी निवृत्त झाले तेव्हा माझ्याकडे इतक्या सुती साड्या होत्या, की कपाटाचं दार लागत नव्हतं. मराठीच्या बाईंनी खळ घातलेली, कडक इस्त्रीची सुती साडी नेसावी, हा माझा मीच घालून घेतलेला नियम. शाळा सुटली आणि साड्या राहिल्या. घरी कामाला येणाऱ्या बाईंना म्हटलं, घेऊन जा चार-सहा. त्या म्हणाल्या, "नको हो, ही खळ कोण घालत बसणार? मी पण आता ड्रेसच घालते." फुकटसुद्धा कुणी घेईना. माझ्या व्याकरणाचंही तेच आहे. तेही मी फुकट वाटते आणि तेही कुणाला नको असतं.

जन्म शनिवार पेठेतला, सासर कर्वेनगरचं. या दोन ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावर दिसलेली प्रत्येक अशुद्ध पाटी मी मनातल्या मनात लाल शाईने तपासली आहे. मनातल्या मनात म्हणतेय खरी, पण तीन दुकानदारांना आत जाऊन सांगून आले आहे. त्यातल्या एकाने पाटी तशीच ठेवली आणि तिच्याखाली दुसरी लावली, 'शुद्धलेखन तपासून हवे असल्यास घरी तपासावे'. त्या पाटीत मात्र एकही चूक नव्हती. मी अजूनही त्याच्याकडूनच साबण घेते.

नवरा कारखान्यात टूलरूमला होता. निवृत्त झाल्यावर त्याने बाल्कनीत दुसरी टूलरूम मांडली आणि तिथे तो दिवसभर काहीतरी घासत बसतो. बोलणं बेताचं. त्याच्या तोंडून एक वाक्य काढायचं म्हणजे तुंबलेल्या स्टोव्हला पिन मारण्यापैकी प्रकार. एका दुपारी तो आपण होऊन आत आला आणि त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. कुठल्यातरी परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यावर माणसं तीन चाकांच्या गाडीत बसून, वर शीड लावून, वाऱ्यावर सुसाट चालली होती.

"आपल्याकडे समुद्र नाही," मी म्हणाले. पुण्यात समुद्र सोडून बाकी सगळं आहे, असं आम्ही मानतोच.

"उद्यान आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि साड्या आहेत."

पंधरा दिवसांत गाडी तयार झाली. बसायला जुन्या टेबलाची फळी. पुढचं चाक कुणीतरी भंगारात टाकलेल्या तीनचाकी सायकलचं, मागची दोन बाबागाडीची. मधोमध बांबू, आणि बांबूला माझी एक करड्या रंगाची साडी, तीन तुकडे करून शेजारी शेजारी शिवलेली. तिला मी शेवटची खळ घातली. पाय पुढच्या दांड्यावर ठेवून गाडी वळवायची आणि शिडाची दोरी हातात धरायची. ब्रेक नव्हता.

"मग थांबायचं कसं?" मी विचारलं.

"दोरी सोडायची. शीड फडफडतं, गाडी थांबते. फक्त ती मनगटाला गुंडाळायची नाही. कधीच नाही."

एका दमात एवढं बोलला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे महत्त्वाचं आहे. त्याला चक्कर येते म्हणून बसायचा मान माझा. मी शिस्तीची बाई, म्हणून आधी एका पुठ्ठ्यावर सुरक्षेचे नियम सुवाच्य अक्षरात लिहून काढले. हेल्मेट घालावे, पदर खोचावा, दोरी मनगटास गुंडाळू नये, वर्दळ असता गाडी काढू नये. खाली रेघ मारली. पुठ्ठा फळीच्या खालच्या बाजूला चिकटवला, म्हणजे तो फक्त गाडी उलटल्यावरच वाचता येणार होता. हे माझ्या लक्षात आलं नाही आणि नवऱ्याने सांगितलं नाही.

आमच्या घराजवळचं उद्यान दुपारी चारला उघडतं. मधून एक सरळ सिमेंटची वाट जाते, आणि उन्हाळ्याच्या शेवटी चारच्या सुमाराला पश्चिमेकडून असा काही वारा सुटतो की विचारू नका. पहिल्या दिवशी मी स्कूटरचं हेल्मेट घालून फळीवर बसले आणि नवऱ्याने मागून जरा ढकललं. साडीने पोट फुगवलं आणि अगं बाई, गाडी निघालीच की! माझ्या तोंडातून किंकाळी निघाली, ती मधेच कुठेतरी हसण्यात बदलली. चौसष्ट वर्षांची मी, दोन गुडघ्यांना दोन पट्टे, आणि वारं प्यायलेल्या वासरासारखी उधळले होते. आयुष्यात इतकी मजा मला कधी आली नव्हती. माझ्या लग्नात तर नाहीच नाही.

वाटेच्या टोकाला दोरी सोडली, गाडी थांबली, आणि समोर उद्यानाचा रक्षक उभा. चाळिशी ओलांडलेला, वऱ्हाडातून कामासाठी इकडे आलेला, एजन्सीचा निळा शर्ट घातलेला गृहस्थ.

"म्याडम, हे काय हाय जी?"

"शिडाची गाडी."

"गाडी इथं चालत नाही."

"चालते. आत्ताच चालली. तुम्ही पाहिलीत."

"तसं नाही जी. बोर्ड वाचा ना. सात नंबर."

बोर्ड मी पूर्वीच तपासलेला होता. सातवा नियम असा होता, 'उद्यानात वाहन चालवू नये.' झालं! सापडलं मला. मी हेल्मेट काढून हातात घेतलं आणि तास सुरू केला. चालणे हे साधं क्रियापद. चालवणे हे प्रयोजक. मूल आपलं आपण चालतं, पण आई मुलाला चालवते. आता ही गाडी चालली, पण तिला चालवलं कुणी? मी तर नुसती बसले होते. चालवली वाऱ्याने. म्हणजे कर्ता वारा. नियम मोडला असेलच तर वाऱ्याने मोडला.

त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग वाऱ्याले सांगा, बाहेर चालव म्हना."

नवरा फिस्सकन हसला. पस्तीस वर्षांत वर्गात मला असं कुणी ऐकवलं नव्हतं. म्हणून मी म्हणाले, "वाऱ्याले नाही. वाऱ्याला."

"हाव, वाऱ्याला," तो म्हणाला. "तुमचं व्याकरन बरोबर असन म्याडम. पन लेकरं येतात इथं संध्याकाळी. एखाद्याले लागलं, नाही तं तुमालेच लागलं, तं माह्यावर येते. डूटी जाईन मायी. डोळ्याचं आपरेशन हाय मायचं, तिले पुन्यात आनाचं हाय मले. डूटी गेली तं तिले आनू कुठी?"

मी त्याच्या बोलण्यातल्या चुका मोजल्या. आईच्या डोळ्यांचं ऐकलं नाही असं नाही, पण आधी चुका मोजल्या.

तोडगाही त्यानेच काढला. चार ते पावणेपाच, लेकरं यायच्या आत. वारा लय असला तर अजिबात नाही. इतकं समजूतदार बोलणं मी आमच्या सोसायटीच्या सभेत कधी ऐकलेलं नाही. मी मोठ्या मनाने मान्य केलं, जसं काही उद्यान माझं होतं आणि मी त्याला पाऊण तास वापरायला देत होते.

महिनाभर छान चाललं. मी रोज तीन-चार फेऱ्या मारायची. नवरा चाकांना तेल घालायचा, आणि रक्षक त्याच्याजवळ उकिडवा बसून पाना धरायचा. दोघं काहीतरी बोलत असायचे. माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस तिथे बडबडताना पाहून मला थोडा रागही यायचा. मी जवळ गेले की रक्षक उठून उभा राहायचा. मग मी त्याचे एक-दोन शब्द दुरुस्त करायची. 'मले' नाही, 'मला'. 'करून राहिलो' नाही, 'करतो आहे'. तो "हाव" म्हणायचा आणि मी म्हणायची, "हाव नाही, हो." पालथ्या घड्यावर पाणी, असं मला वाटायचं. घडा कोण होतं ते सांगायची गरज नाही.

मग आषाढ लागला आणि एके दिवशी वारा असा सुटला की आमच्या गच्चीवरच्या चादरी शेजारच्या सोसायटीत जाऊन पडल्या. आम्हाला निघायलाच उशीर झाला, पाच वाजून गेले. फाटकातच रक्षक म्हणाला, "आज नका काढू म्याडम. वारा बेकार हाय." नवरा म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. परत जाऊ." मी म्हणाले, "एकच फेरी." साठी बुद्धी नाठी म्हणतात, तरी मी चार वर्षं उशीर केला होता. रक्षक पाण्याचा पंप बंद करायला मागे गेला तेवढ्यात मी बसले. हाताला घाम होता, दोरी सटकत होती. मी ती मनगटाला दोन वेढे घालून घेतली.

वाटेच्या दुसऱ्या टोकाला हास्यक्लब जमला होता. दहा-बारा ज्येष्ठ नागरिक गोल करून, हात वर करून, डोळे मिटून हा हा हा करत होते. मी निम्म्या वाटेवर आले तेव्हा कळलं, की आपला वेग गाडीचा नाही, रिक्षाचा आहे. दोरी सोडायला गेले तर ती मनगटात रुतलेली. मी ओरडले. पण हसणाऱ्या माणसांना ओरडणं ऐकू जात नाही.

तेवढ्यात उजवीकडून रक्षक धावत आला. हात हलवत, जिवाच्या आकांताने ओरडत होता, "बुढे, सोड! सोड ना वो दोरी! ए बुढे!" त्याने झेप घेऊन बांबूच धरला. बांबू काडकन मोडला, गाडी वळली आणि मेंदीच्या कुंपणात घुसली. तो सिमेंटवर आपटला. मी कुंपणात, हेल्मेट नाकावर, एक चप्पल बेपत्ता. हास्यक्लबने डोळे उघडले आणि हसले. तो व्यायामाचा भाग होता की नाही ते मला अजून माहीत नाही.

माझ्या मनगटाला वळ उठला होता, बाकी खरचटण्यावर भागलं. त्याचं कोपर सोलवटलं होतं, शर्टाची बाही खांद्यापासून फाटली होती. त्याने मला हात देऊन उठवलं आणि विचारलं, "लागलं का जी म्याडम?" पण मला ते 'म्याडम' ऐकूच आलं नाही. मला फक्त 'बुढे' ऐकू येत होतं. बुढे! मला! एकेरीत! चारचौघांत, त्यातल्या निम्म्या लोकांच्या नातवंडांना मी शिकवलं असताना!

घरी नवऱ्याने चिमट्याने माझ्या हातातले मेंदीचे काटे काढले. "त्याचं कोपर बघायला हवं होतं आपण," तो म्हणाला.

"तो मला काय म्हणाला ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

तो पुढचा काटा शोधू लागला.

त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहायला बसले, आणि काय सांगू, असा अर्ज मी पुन्हा लिहू शकणार नाही. 'मी उद्यानात विहार करीत असता सदर रक्षकाने माझ्या अंगावर धावून येऊन, उपस्थित नागरिकांच्या देखत, मला एकेरीत "बुढे" अशा अवमानकारक शब्दाने संबोधिले.' बघा, विहार! फळीवर बसून साडीच्या जोरावर दहा म्हाताऱ्यांच्या अंगावर जाण्याला मी विहार म्हणाले होते. गाडीचा उल्लेख नाही, वाऱ्याचा नाही, दोरीचा तर नाहीच. प्रत्येक शब्द एकेकटा खरा होता. ज्येष्ठ महिला, निवृत्त शिक्षिका, भाषेची मर्यादा, उचित कारवाई. कागद कसा चकचकीत झाला होता.

मी तो नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि मग त्याच्या हातात दिला. "शुद्धलेखन बघा हो एकदा."

त्याने दोनदा वाचला. चष्मा काढला. "शुद्धलेखन बरोबर आहे," म्हणाला आणि बाल्कनीत गेला.

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेच्या उद्यान कार्यालयात जाऊन अर्ज दिला आणि प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. मला पोच नाही असं माझी आई लहानपणापासून म्हणायची, ते वेगळ्या अर्थाने.

आठवड्याने उद्यानात गेले तर फाटकात नवा रक्षक. हा पंचविशीतला, पुण्याचाच, कानात वायर, डोळे मोबाईलमध्ये. नवऱ्याने गाडीला नवा बांबू लावून दिला होता, पण तो स्वतः आला नाही. पाय दुखतात म्हणाला. मी एकटीच गाडी ढकलत आत नेली. नव्या रक्षकाने मान वर केली नाही. चारला गेले, पाचला गेले, साडेपाचला गेले. कुणी अडवेना. जिंकले होते मी. तिसऱ्या दिवशी भर गर्दीच्या वेळी गाडी काढली आणि एक फ्रॉकवाली चिमुरडी चेंडूमागे वाटेवर आली. मी दोरी टाकली. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ती चेंडू घेऊन निघूनही गेली, तिला काही कळलंच नाही. मी फाटकाकडे पाहिलं. रक्षक मोबाईलमध्ये बघून हसत होता.

मी गाडी ओढत त्याच्याकडे गेले. "आधीचे रक्षक कुठे गेले?"

"ते? त्यांना काढलं," तो म्हणाला. "लेटर आलं होतं ना, कोणा म्हातारीचं."

शुद्ध मराठीत म्हणाला. उच्चारही स्वच्छ.

घरी आले आणि नवऱ्यासमोर बसले. म्हटलं, त्याला कामावरून काढलं. तो म्हणाला, "माहीत आहे." मग त्याने हातातली कानस खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून बोलला. "तो त्याच्या आईला बुढीच म्हणतो. रोज साडेचारला तिचा फोन यायचा. 'हाव बुढे, जेवलो. हाव बुढे, गोळी घे.' मी रोज ऐकायचो. त्यांच्याकडे तसंच म्हणतात. घाबरला तेव्हा त्याच्या तोंडून तेच आलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"तू शुद्धलेखन विचारलंस."

मला रडू आलं. रागाने आलं, आणि राग कुणावर काढावा कळेना म्हणून जास्त आलं. त्याच्यावर काढला. तुम्ही कसले मेले नवरे, माणूस खड्ड्यात पडताना बघत बसता. तो म्हणाला, "हो. चुकलंच माझंही." असं कुणी कबूल केलं की भांडताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात हजर. अर्ज मागे घ्यायचा आहे म्हणाले. तिथल्या साहेबांनी फाईल काढली, माझा अर्ज काढला आणि कौतुकाने त्यावरून बोट फिरवलं. "बाई, असा अर्ज आमच्याकडे येत नाही हो. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही. एजन्सीला आम्ही नुसती प्रत पाठवली, त्यांनी त्याच दिवशी माणूस हलवला. आता मागे घेता येत नाही. चूक कुणाची ते लिहून नवा अर्ज द्या."

तिथल्याच बाकावर बसून लिहायला घेतलं. जिने आयुष्यभर निबंध लिहून घेतले तिला दोन ओळी सुचेनात. विहार शब्द पुन्हा पुन्हा पेनाच्या टोकाशी येत होता. शेवटी लिहिलं, 'त्या दिवशी मी उद्यानात वाहन चालवत होते. रक्षकाने मला दोनदा अडवले होते. त्याने धावून येऊन माझा आणि इतरांचा अपघात टाळला. त्याने वापरलेला शब्द त्याच्या भागात आईसाठी वापरतात. तो मला माहीत नव्हता. मी पहिल्या अर्जात हे सर्व लपवले.' खाली सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं होतं.

साहेबांनी वाचलं. "म्हणजे आधीचं खोटं होतं?"

"शुद्ध होतं," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. म्हणाले, "त्याला एजन्सीने विश्रांतवाडीला एका गोदामावर ठेवलंय, तात्पुरतं. या महिनाअखेरीस तिथलं काम संपतं. मी सांगतो, पुढच्या महिन्यापासून परत उद्यानात घ्या म्हणून. पण त्याची यायची तयारी पाहिजे. तुमची ती गाडी आजपासून बंद. आणि जाण्यापूर्वी बोर्डावरचा सात नंबर असा लिहून द्या, की तुमच्यासारख्या कुणाला त्यातून पळवाट काढता येणार नाही." मी दोन तास बसून लिहिलं. 'माणसाने, यंत्राने, वाऱ्याने अथवा अन्य कशानेही चालणारे वा चालवले जाणारे कोणतेही वाहन उद्यानात आणू नये.' लिहिता लिहिता मला त्यात एक पळवाट दिसली, ती मी बुजवली. मग दुसरी दिसली. साहेब म्हणाले, "बाई, पुरे."

विश्रांतवाडीला दोन बस बदलून गेले. बरोबर लाडवांचा डबा. नवरा यायला तयार होता, मीच नको म्हटलं. आळंदी रस्त्यापासून आत एक पत्र्याचं गोदाम, त्याच्या फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत तो. मला पाहून ताडकन उभा राहिला. नवा शर्ट होता. कोपरावर खपली होती.

"नमस्कार मॅडम. आपण इकडे कशा?"

मी वाटेत सगळं घोकून आले होते. ते विसरले. "माझं चुकलं," एवढंच आलं. "तुम्ही माझा जीव वाचवलात आणि मी तुमच्या पोटावर पाय दिला. मला तो शब्द कळला नाही. मला कळत नाही हेही मला कळलं नाही. मला फार लाज वाटते हो."

"नाही मॅडम, चूक माझी होती. मी तसं बोलायला नको होतं," तो म्हणाला. एकेक शब्द पाय टेकून बघत टाकावा तसा टाकत होता. "एजन्सीच्या साहेबांनी समजावून सांगितलं मला. आता मी नीट बोलतो."

मला. बोलतो. 'आपण'मधला ण सुद्धा जागच्या जागी. मी महिनाभर शिकवून जे झालं नव्हतं, ते माझ्या एका अर्जाने झालं होतं. मी त्याला उद्यानातल्या कामाचं सांगितलं. तो म्हणाला, "बरं मॅडम. येईन मी. आभारी आहे." आईच्या डोळ्यांचं विचारलं. म्हणाला, "नोकरी पक्की झाली की आणणार आहे तिला."

"अहो, तुम्ही आपले पहिल्यासारखे बोला ना," मी म्हणाले. "मी आता काही दुरुस्त करणार नाही. शपथ."

तो हसला. 'घाबरू नका, उत्तर चुकलं तरी चालेल' असं परीक्षेच्या वेळी सांगितलं की मुलं असंच हसायची. "हीच भाषा बरी आहे मॅडम," तो म्हणाला. "सवय झाली आता."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने खिशातून काढून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "घ्या ना, घ्या." मी पाठ फिरवायला हवी होती, ते मला सुचलं नाही. तो सरळ उभा राहिला, शर्ट खाली ओढला आणि फोन कानाला लावला.

"हॅलो. हां आई, बोल. जेवण झालं का तुझं?"

पलीकडून एक म्हातारा, खडखडीत आवाज आला, इतका मोठा की मला चार पावलांवर स्पष्ट ऐकू आला.

"कोन बोलून रायलं जी?"

"आई, मी आहे. मीच बोलतो आहे."

"हा नंबर माह्या पोराचा हाय ना जी?" म्हातारी घाबरली होती. "माह्या पोराले द्या ना फोन."